पालथी मांडणी

सोमवार, ८ ऑक्टोबर

अकरा. दहा सेकंदांत मूठ वीस वेळा उघडली-मिटली पाहिजे म्हणे. माझी अकरा वेळा झाली. डॉक्टरीणबाई घड्याळ धरून बसल्या होत्या. मग मधल्या बोटाचं नख खाली दाबून सोडलं, तर अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता. शेजारी माझी बायको बतूल पदर तोंडाशी धरून बसलेली — मी मेल्यासारखी!

दीड वर्ष सगळे मनगटाची नस म्हणत होते. मनगटाला पट्टा बांधून फिरलो. त्याआधी अंगात थंडी भरली म्हणून मानेवर डाग देऊन घेतले. आता कळतं की दुखणं हातात नाहीच. मानेच्या मणक्यांमधली वाट अरुंद झाली आहे आणि आतला मज्जारज्जू दोन ठिकाणी चेपला जातोय. फोटोत दाखवला. पांढऱ्या दोरीला कुणी चिमटा काढल्यासारखा.

"काम काय करता?"

"झलीज. रंगीत फरशीचे तुकडे बसवतो."

"किती वर्षं?"

"चव्वेचाळीस."

"मान खाली घालून?"

मान वर करून कोण बसवतं!

गळ्याशी पुढून चिरायचं, मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या काढायच्या, पट्टी बसवायची. मागून उघडायचीही एक पद्धत आहे, पण माझ्यासाठी त्यांना पुढची बरी वाटते. नाहीतर पट्टा बांधून वाट बघायची. "पण हे पायरी पायरीनं खाली उतरतं," म्हणाल्या. "पुढची पायरी कधी, ते सांगता येत नाही. मग पाय जातात." हात परत येईल का, विचारलं. "गेलेलं परत येईलच असं मी म्हणणार नाही. उरलंय ते राहावं म्हणून कापायचं."

काय सौदा आहे! गळा मी द्यायचा आणि बदल्यात जे माझंच आहे तेवढं मला मिळणार.

तारीख दिली. मंगळवार, ६ नोव्हेंबर. तोवर हात काय करतो ते रोज लिहायला सांगितलंय. म्हणून ही वही. मुलीची शाळेतली, गणिताची.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

हात काय करतो: जलाब्याच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, गाठी लावत नाही. बतूलनं लावल्या. लिहिलं.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

हम्मामात, सगळ्यांच्या न्हाणीघरात, गेलो. जिलाली तीस वर्षं माझं अंग रगडतो, शेवटी हनुवटी धरून मान कडाडकन मोडतो. आज पाठ घासली आणि हात मागे घेतले. मी म्हटलं, मान? तर म्हणतो, "नको सी अल्लाल, बतूलबाईंनी निरोप धाडलाय. मानेला हात लावलास तर तुला हम्मामातून उचलून नेतील, म्हणाल्या." सगळे हसले. मी त्या वाफेत नागडा, आणि माझ्या मानेची बातमी माझ्याआधी तिथे पोचलेली.

दुपारी नेहमीप्रमाणे तायेब शुक्रवारचं कुसकुस जेवायला आला. आमची आई गेल्यापासून या धाकट्या भावानं एक शुक्रवार चुकवलेला नाही. ताटातला मोठा सलगम त्याचाच, हेही ठरलेलं.

"करून घे अझीझी," तोंडात घास असतानाच म्हणाला. थोरला म्हणून तो मला अझीझीच म्हणतो. "कारखान्याचं मी बघतो."

बघशील ना! वीस वर्षं त्याचीच वाट बघतोयस. आयत्या बिळावर नागोबा. मी एवढंच म्हटलं की हौदाची भिंत आधी होऊ दे.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा हौद आहे. त्याची भिंत आमच्या बानं सजवली होती, ती गेल्या हिवाळ्यात पडली. नवी मीच मांडणार. एकटा. जेवताना तिथेच सांगून टाकलं — "भिंत उलथल्यावर एक तुकडा जरी चुकला असेल, तर मुकाट्यानं गळा कापून घेईन. नाही चुकला, तर मंगळवारची तारीख रद्द, आणि पुन्हा कुणी माझ्या मानेचं नाव काढायचं नाही."

बतूल म्हणाली, "मणका काय पैज लावायची वस्तू आहे?"

 तायेबनं सलगम तसाच ठेवला.

सोमवार, १५ ऑक्टोबर

सुरुवात केली. तुकडे जमिनीवर पालथे मांडायचे — रंग खाली, माती वर. सगळ्या पाठी सारख्याच मातकट. कुठे हिरवा गेला, कुठे निळा, ते मांडणाऱ्याच्या डोक्यात. मग वर गिलावा ओतायचा, वाळला की सगळं धूड उचलून उलथायचं. तेव्हाच कळतं. म्हणून तर आमच्यात एक नियम आहे: एकानं मांडलेल्या पालथ्या मांडणीला दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. मालमच्या, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, तोंडात मारण्यासारखंच ते.

हात काय करतो: बोटांवर जाड कातडं चढवल्यासारखं वाटतं. तुकडा चिमटीत आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज जाते. जाऊ दे.

बुधवार, १७ ऑक्टोबर

चहाचा पेला हातातून सुटला. पेला निसरडा होता.

शनिवार, २० ऑक्टोबर

तायेब दिवसभर आसपास घोटाळत होता. काहीतरी शोधतोय असं दाखवतो आणि माझ्या बोटांकडे बघतो. "डोळे काढून देऊ का, जवळून बघायला?" म्हटलं. "तसं नाही अझीझी," एवढंच.

जिन्यावर पाय अडखळला. जिना जुना आहे.

हे वाचल्यावर माझंच मला हसू आलं. पेला निसरडा, जिना जुना. नाचता येईना, अंगण वाकडं.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन. रक्त तपासून घ्या, सिगारेट सोडा, गळ्यातून काही दिवस आवाज घोगरा येईल. मी विचारलं, उठलोच नाही तर? म्हणाल्या, "शंभरातल्या एखाद्या-दुसऱ्याचं बिघडतं, ते मी लपवणार नाही. पण नाही केलं तर तुमचं बिघडणारच आहे, त्यात शंभराचा हिशेबच नाही."

खरं बोलणारी बाई आहे. तिचा राग येतो तो त्याचाच.

भीती वाटते. इथे लिहायला काय जातं? गळ्यावर सुरी म्हटलं की मला ईदचा बोकड दिसतो. पण त्याहून जास्त भीती हात परत न येण्याची. हात नसलेला मालम म्हणजे कोण? कारखान्याच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करणारा म्हातारा. बघितलेत मी तसे. त्यांच्यापुढे लोक चहा ठेवतात आणि बोलतात दुसऱ्याशी.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

झाली! संध्याकाळच्या अजानेआधी शेवटचा तुकडा बसवला. दहा दिवस.

आणि बाची खूणही टाकली. उजव्या कोपऱ्यातला खालचा तारा, त्याची सातवी पाकळी. सगळ्या पाकळ्या हिरव्या, ती एक काळी. मुद्दाम. बा म्हणायचा, बिनचूक फक्त वरच्याचं काम, आपण एक तुकडा चुकवून आपली पायरी ओळखावी. प्रत्येक भिंतीत तीच जागा. मला सांगितलं, कारण मी थोरला. तायेबला नाही सांगितलं. माझ्या पैजेतही हा तुकडा धरायचा नाही, तो माझा आणि बाचा.

तो काळा तुकडा बसवताना हात अजिबात थरथरला नाही. हे डॉक्टरीणबाईंसाठी लिहितोय.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

तायेब कुसकुसला आला नाही. दाढ दुखते म्हणून निरोप. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बतूल ताट झाकून अस्रची नमाज होईपर्यंत बसली. मी म्हटलं, दाढ नाही, पोट दुखतंय त्याचं — भिंत पुरी झाली ना!

सलगम मी खाल्ला.

शनिवार, २७ ऑक्टोबर

गिलावा ओतला. तायेब आला, डोळे लाल, गुडघे धरून उठत होता. "दाढ गुडघ्यात उतरली वाटतं," म्हटलं. सगळे हसले. तोही हसला.

गुरुवार, १ नोव्हेंबर

उलथली. आठ जणांनी उचलली, भिंतीला टेकवली, ओल्या फडक्यानं पुसली.

बिनचूक! एक रेघ हललेली नाही. गल्लीतले म्हातारे आले होते, त्यांनी बाची भिंत पाहिलेली आहे, तेही म्हणाले की हुबेहूब. मला खाली वाकून बघता येत नव्हतं, गर्दीही होती, पण वरून खालपर्यंत माझी नजर कुठे अडखळली नाही. बतूल एकटी भिंतीऐवजी माझ्या हातांकडे बघत होती. तायेबनं माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. मी म्हटलं, "काय, बघणार होतास ना कारखान्याचं?" चार लोकांत म्हटलं. तो ओलं फडकं पिळायला गेला.

लगेच दवाखान्यात फोन केला. तारीख रद्द. फोनवरची मुलगी म्हणाली, "सोमवारपर्यंत तुमचं नाव ठेवते, मालम. मन बदलतं लोकांचं." माझं नाही बदलत, म्हटलं.

हात काय करतो: चव्वेचाळीस वर्षं करत आला तेच.

रविवार, ४ नोव्हेंबर

कारखाना बंद. एकटाच गेलो. भिंतीशी बसलो, बसायला वेळ लागला. बाची खूण बोटानं शोधली. बोटाला काही कळेना म्हणून डोळ्यांनी मोजलं. उजवा कोपरा, खालचा तारा, सातवी पाकळी.

हिरवी.

तीनदा मोजली. त्या ताऱ्यात काळं काहीच नाही. माझी ही भिंत नव्हेच. गुरुवारच्या रात्रीपासून शनिवार उजाडेपर्यंत एकट्यानं गुडघ्यांवर बसून, तुकडा न तुकडा उचलून बघत सगळी पुन्हा मांडली तायेबनं, माझ्या चुका काढता काढता तीही चूक समजून काढली. किती होत्या, ते तो मला कधीच सांगणार नाही.

उद्या उघडल्या उघडल्या दवाखान्यात फोन करायचा, नाव राहू द्या म्हणून. आणि मंगळवारच्या आत तायेबला काळ्या तुकड्याचं सांगायचं.