टेपच्या आत न मावणारी बस

सोमवार, ३

आणि म्हणे मीच तिला बिघडवतो! दादाचं हे पालुपद महिनाभर चालू आहे, आज पुन्हा तेच. पुतणीला – आमच्या भुंग्याला – मी फोनवर म्हणालो होतो की स्वयंपाकघराबाहेरची भिंत तुझी, हवं ते काढ. सहा वर्षांची पोर. कागद तिला पुरतच नाही. कागदावरचं टेबलावर उतरतं, टेबलावरचं फरशीवर. मग भिंत दिली तर कुठे आभाळ कोसळलं? दादा म्हणाला, "तू तिकडे बसून भिंती वाटतोस. भाडं मी भरतो."

घर भाड्याचं आहे हे खरंच. पण पोरीचा हात चालतोय तर चालू द्यावा की नाही? मी दिवसभर लोकांच्या भिंती रंगवतो, त्यात माझ्या मनाचं बोटभरही नसतं. मालक सांगेल तो रंग, मुकादम सांगेल तितके हात. आमच्या घरात एक तरी भिंत कुणाच्या मनासारखी असू दे की!

मंगळवार, ४

दिवसभर छत. मान गेली कामातून.

शुक्रवार, ७

भुंग्याने भिंत दाखवली. फोन वहिनीने धरला होता, तिला हसू आवरेना, म्हणून भिंत हलत होती. बस काढली आहे. बसला चाकं नाहीत, पाय आहेत – बूट घातलेले. का, तर चाकं पंक्चर होतात, पाय होत नाहीत. बिनतोड! आतली सगळी माणसं मागे तोंड करून बसलीत. का, तर मागे राहिलेल्यांना टाटा करायला.

मीही इकडून टाटा केला. मग म्हणालो, अगं, ड्रायव्हर पण मागेच बघतोय, बस धडकेल. तर म्हणाली, बुटांना डोळे आहेत ना.

रविवार, ९

सुट्टी. आज फोनवरून भुंग्याची शिकवणी घेतली, पार जेवायची वेळ होईपर्यंत. काका रंगारी, आणि पोरीने खडबडीत भिंतीवर कसाही रंग फासावा? बरं दिसतं का! आधी पॉलिश पेपरने घासून घे. चौकोन आखून चारी बाजूंनी टेप लाव. ब्रश वरून खाली, एकाच दिशेने. टेपच्या बाहेर थेंब जाता कामा नये. वहिनीने कोपऱ्यावरच्या दुकानातून टेप आणून दिली. पोरगी हुशार, सांगितलं तस्सं केलं. चौकोन असा सरळ की आमच्या मुकादमालाही खोट सापडली नसती. छाती फुगली माझी.

शुक्रवार, १४

वहिनी म्हणते, "भावोजी, रविवारपासून भिंतीवर काहीच नाही." भुंगा चौकोनासमोर ब्रश घेऊन बसते, बसते आणि उठून जाते. फोन तिच्याकडे द्यायला सांगितला. काय झालं गं?

"काका, टेपच्या आत बस मावत नाही."

मग छोटी काढ, म्हणालो. छोटी काढली की पाय बाहेर सांडतात, म्हणाली.

फोन ठेवला तरी डोक्यात तेच.

शनिवार, १५

खोलीत माझ्यासोबत राहणाऱ्या प्लंबरला सांगितलं. हसून हसून खाटेवरून पडायचाच राहिला. म्हणाला, "इथला एक मुकादम पुरत नाही होय रे, घरी दुसरा बसवलास?" लागलं. पण खोटं कुठे बोलला?

भुंग्याला म्हणालो, टेप काढून टाक, काहीही काढ. तर विचारते, काहीही म्हणजे कसं, वरून खाली का?

कप्पाळ माझं. दादाला तरी कुठल्या तोंडाने सांगू? पोरीला मोकळं सोड म्हणून त्याच्याशी भांडभांड भांडलो. त्याने नुसती कुरकुर केली, पोरगी थांबली नाही. थांबवली मी. तीही लाडाने!

गुरुवार, २०

आपणहून दादाचा फोन! वहिनी बाहेर गेलेली, पोरगी तोंड पाडून बसलेली. म्हणून हा गडी तिच्याशेजारी खाली बसला आणि चौकोनाबाहेर घोडा काढला. दादाने! ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्याने. वहिनीने मागाहून फोटो पाठवला. घोडा कसला, स्टूल गिळलेला कुत्रा. भुंगा हसून लोळली, आणि मग न राहवून घोडा दुरुस्त करायला उठली. त्याला खिसे दिले. टेप ओरबाडून काढली, तिच्यासोबत रंगाचे पोपडे निघाले, त्या डागांचे ढग झाले. बस आता दारापर्यंत पोचली आहे.

तुझ्या नादाने मीही वाया गेलो, म्हणाला. खूश होता. लपवत होता.

मग हळूच मुद्द्यावर आला. घरमालक भाडं न्यायला आला आणि भिंत बघून गेला. महिनाअखेर पांढरी करा, नाहीतर त्या भिंतीची वेगळी अनामत ठेवा, म्हणाला. दादाकडे सध्या तेवढे नाहीत.

"तू रंगारी, तूच सांग. पांढरा मारू का? भुंगा शाळेत असताना मारतो."

उद्या सांगतो म्हणालो.

शुक्रवार, २१

मारू नको म्हणून कळवलं. मालकाला सांग, घर सोडू तेव्हा भिंत माझा भाऊ स्वतः येऊन पांढरी करून देईल, तोवर अनामत घ्या.

सुट्टीला घरी जायचं तिकीट परत केलं. विचारलं तर काम निघालं म्हणेन.

अनामतीसाठी पाठवले – चार हजार सहाशे.