शोधताय ते इथं नाही

८ ऑगस्ट
आले बाई एकदाची रत्नागिरीला! अमरावतीहून निघताना वाटलं नव्हतं इतकं आवडेल. समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, आणि उत्साहाच्या भरात शेजारच्या बाईंनाही दाखवला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

नोकरी ‘खाडीकाठ’ नावाच्या बातम्यांच्या साइटवर. मालक अनिलकाका. त्यांच्या वडिलांचं याच नावाचं साप्ताहिक होतं, ते आता मोबाइलवर आलंय. ऑफिस मांडवीच्या बाजूला, स्पेअरपार्टच्या दुकानावर, कुरकुरणाऱ्या लाकडी जिन्याचं. मी राहतेही तिथंच, मागच्या खोलीत. भिंतीवर काकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आणि खाली ठसठशीत नाव. गणपतीत मुंबईची माणसं गावी निघाली, की गाड्या, घाट, एसटी बघायला सगळी एकदम आमच्या साइटवर येतात आणि ती दरवर्षी आडवी होते. यंदा तिला उभी ठेवायची, हे माझं काम.

निधनवार्तांचा फॉर्म नीट चालतो का बघायला काहीतरी टाइप करायचं होतं. आईचं नाव टाकलं, कै.               . फेब्रुवारीत ती गेली तेव्हा कुठल्याच पेपरात दिलं नव्हतं. कळवायचं कुणाला? मागे मी एकटीच. स्क्रीनवर नाव उमटलेलं पाहून रडू आलं, पण बरंही वाटलं.

१८ ऑगस्ट
आज साइटचा दम बघितला. एक प्रोग्राम लावून हजारो खोटे वाचक एकदम आत सोडायचे आणि ती कुठं धापा टाकते ते बघायचं. आमची ती लगेचच बसली. शोधलं तर ओझं निघालं निधनवार्तांचं. चौदा वर्षांच्या वार्ता, अगदी पहिली काकांच्या वडिलांची, प्रत्येकीत भलामोठा फोटो. गेल्या तीन महिन्यांचे आकडे काढले, तर तिकडे कुणी फिरकलेलंही नाही. काका केळशीला घराची रंगरंगोटी करायला निघाले होते, एक पाय जिन्यावर. म्हणाले, राही, तुला योग्य वाटेल ते कर. मग पुसल्या सगळ्या. आईचीही, ती काय चाचणीच होती. साइट कशी पिसासारखी झाली!

जुन्या दुव्यावर कुणी आलंच तर काय दिसावं, तेही लिहिलं. नेहमीचा निरोप फार कोरडा असतो. मी लिहिलं, ‘शोधताय ते इथं नाही. पण काळजी नको. या की ऑफिसात, चहा घेऊ.’ खाली पत्ता. खरं सांगू? इथं माझ्याशी बोलतं कोण, तर झाडायला येणाऱ्या सोनूबाई. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्याच्याबद्दल बोलतात ते तो बाजारात गेल्यासारखं. त्याच्या डाव्या भुवईवरच्या व्रणाची गोष्ट दोनदा ऐकून झाली. त्या गेल्या की दिवसभर पंख्याचा आवाज. येईल कुणीतरी चहाला.

२८ ऑगस्ट
जिंकले! एवढी गर्दी लोटली, पण साइट जराही डगमगली नाही. काकांचा केळशीहून फोन, मागं आरतीचा कल्लोळ. तोंडभरून कौतुक केलं. सोनूबाई जयगडला लेकीकडे गेल्यात. गल्लीतल्या घरांत माणसं मावत नाहीयेत, आणि मी खिडकीत बसून चहात बिस्किटं बुडवतेय. मोदकाला कुणी बोलावलं नाही. बोलावतील कसे, ओळखतंय कोण? चहाचं आमंत्रणही फुकट गेलं.

८ सप्टेंबर
गणपती गेले, पितृपक्ष लागला. आता साइट ओस पडायला हवी. भर दुपारी आकडा चढायला लागला तो थेट गणपतीएवढा. सगळे पुसलेल्या निधनवार्तांवर. मागच्या वर्षांचे आकडे उघडले तर दरवर्षी याच पंधरवड्यात हेच. आणि मी शहाणी पावसाळ्याचे तीन महिने बघून मोकळी झाले! बॅकअप दोनच आठवड्यांचा राहतो, म्हणजे तोही गेला.

गुहागरजवळच्या राजश्री म्हणून एका बाईंचा फोन आला. सासरे होडीसकट गेले. त्यांचा घरात एकही फोटो नाही, होता तो आमच्याकडे. म्हाळाच्या दिवशी मोबाइलवर तो उघडून वाढलेल्या ताटाशेजारी ठेवायचे. मी किती वेळा माफी मागितली. मग त्यांनी आवाज खाली करून विचारलं, की गुरुजी नाव विचारतायत आणि सासऱ्यांचं नाव घरात कुनालाच आठवत न्हाय गो बाय, तुज्याकडं हाय काय?

१० सप्टेंबर
फोन थांबत नाहीत. फोटो कुणी मागतच नाही, सगळे नाव विचारतात. लेक बापाचं नाव विचारतोय. एवढी घरं एकदम कशी विसरतील?

काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मी विचारलं, तुमच्या वडिलांचं नाव तरी आहे ना लक्षात? म्हणाले, थांब हं. मग आत काकूंना विचारताना ऐकू आले. मग फोन कट झाला.

भिंतीवर फोटो आहे. हार आहे. खाली नाव नाही.

१३ सप्टेंबर
दुपारी जेवणं झाली की इथं गाव झोपतं, दुकानंसुद्धा बंद होतात. त्याच वेळी जिना वाजला. दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यावर ओल. पाऊस सकाळपासून नाही.

कालही असंच झालं होतं, लिहिलं नव्हतं. आकडा चढतो तेव्हाच जिना वाजतो.

१६ सप्टेंबर
आज दिसले. एक म्हातारा, दोन बायका, मागं आणखी. पाय ओले. बोलत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चुकीच्या घरी आल्यासारखे अवघडून उभे आहेत. स्वतः कोण, तेच त्यांना माहीत नाही.

मी चहा केला. मीच बोलावलं होतं ना. कप तसेच राहिले, वर साय धरून.

१९ सप्टेंबर
जिना भरला. कुणाचं तरी नाव मिळालं तर लगेच टाइप करीन, म्हणून घराघरांत फोन करतेय. एकही मिळालं नाही.

सोनूबाई जयगडहून परतल्या. वर येताना जिन्यात एकाच्या समोर थबकल्या. ओळखीचा वाटतो म्हणाल्या, कोन गो ह्यो? त्याच्या डाव्या भुवईवर व्रण. त्या त्याला वळसा घालून वर आल्या. केर काढला आणि गेल्या. तो त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
निघून जायचं होतं. पिशवी भरली. पण जिन्यातून वाट नाही —

खालून खोकला. दोन छोटे, एक मोठा. असं एकच माणूस खोकायचं —

नाही. ती अमरावतीची. तिची वार्ता नुसती चाचणी होती. मीच टाकली, मीच पुसली —

दारात उभी आहे. तीच साडी. माझ्याकडे बघतेय. परक्याकडे बघावं तसं, नम्रपणे —

आई म्हटलं. जिन्यातल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. ती मागं वळून बघतेय, कुणाला हाक मारली म्हणून —

नाव घ्यायला हवं. नाव घेतलं तर ती ओळखेल. वहीचं पहिलं पान उघडलं. तिथं ‘कै.’ आहे आणि पुढे कोरं. खाडाखोड नाही, डाग नाही —

शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर लिहिलंय मी. हाताला तरी माहीत असेल. ती थांबली आहे. लिहिते —

आईचं नाव —