बिडकीनची बोट

९ नोव्हेंबर, रविवार

बिडकीनला जाऊन बोट बघितली. चौदा फुटी, फायबरची, मागं इंजिन. पुढच्या टोकाला दांड्यावर गोल फिरणारी खुर्ची, पाठ टेकायला उंच. जाहिरातीत 'बास बोट' लिहिलं होतं. बास हा विलायती मासा, आपल्याकडं कुठला? पण खुर्ची आहे, मला तेवढंच हवंय.

दादाला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा पाय ओढतो, काठावर उकिडवं बसता येत नाही. गेल्या महिन्यात तलावावर नेलं तर चिखलातून दोघांनी उचलून आणावं लागलं. घरी आल्यावर म्हणाला, "मिलिंद, गळ... देऊन टाक कुणाला." आयुष्यभर मास्तरकी केली, दर रविवारी गळ टाकला. वहिनी गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यातही टाकला. आणि आता देऊन टाक म्हणतो. मला तेव्हाच रडू आलं होतं, गाडी धुवायला बाहेर गेलो.

बोटीचे मालक अंकुशराव. जमीन इंडस्ट्रीत गेली, पैसा आला. गावातल्यांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या, यांनी बोट घेतली. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या शेजारी ट्रेलरवर उभी आहे, ताडपत्रीखाली. आत कांद्याची टरफलं.

का विकताय विचारलं. "टाइम नाय भेटत." ज्याची शेती गेली त्याला टाइम नाही! लिहून ठेवतो. कारण नं. १.

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर एकच डोक्यात: तळाला नवा रंग का? बाकी बोट धुळकट, फिकट. तळ मात्र हिरवाकंच. रंग माणूस दोन कारणांनी देतो, हौस म्हणून नाहीतर झाकायला.

सुनंदाला बोललो. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं कंपनीत लोकांचा माल रिजेक्ट केला, तुमचं पोट अजून भरलं नाही. मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेता. लग्नाच्या वेळी मलाच कसं पास केलं?" म्हटलं, तेव्हा क्वालिटीला नव्हतो, स्टोअरला होतो. हसली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शकीलभाईला घेऊन गेलो. जनरेटर, पंप, बोटीचं इंजिन, काहीही खोलतो. आधी कळवलं नव्हतं. कळवलं की लोक आवरून ठेवतात.

अं.राव गोठ्यात होते. चेहरा जरा पडला असं मला वाटलं. शकीलभाई म्हणतो, नाही पडला.

मी तळाखाली झोपून रुपयाचं नाणं वाजवत गेलो, हातभर हातभर. पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. कुठंच आला नाही. इंजिन धरून वरखाली हलवलं, मागची फळी जागची हलली नाही. शकीलभाईनं पाण्याच्या पिंपात इंजिन चालू केलं. दुसऱ्या झटक्याला लागलं. बाजूनं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक, सरळ. आतलं तेल काढून बोटावर घेतलं, स्वच्छ. दुधाळ असतं तर आत पाणी शिरलेलं असतं.

शकीलभाई: "मिलिंदभाई, इंजन तो दुल्हन है. कायकू शक करते?"
मीटरवर इंजिन चालल्याचे एकूण तास किती? चार! दोन वर्षांपूर्वीची बोट आणि चार तास. मीटर फिरवलेला असणार. नाहीतर दुसऱ्याच बोटीचं इंजिन इथं आणून बसवलंय. बिल मागून नंबर ताडून पाहिला. जुळला. नंबरही ठोकून घेता येतो म्हणा.

तळाच्या रंगाचं विचारलं. अं.रावांच्या बायको, कमलबाई, दारातून म्हणाल्या, "दिवाळीला दारं-खिडक्या रंगवल्या, डब्यात उरला व्हता. वाया कशाला घालायचा?" दारं बघितली. हिरवी आहेत. तरीपण.

परत विचारलं, विकताय का? "पोरगं पुन्याला. चालवनार कोन?" कारण नं. २. रविवारचं कुठं गेलं?

निघताना बोललोच. "सगळं ठीक दिसतंय, पण बुडातून पाणी लागत नाही कशावरून?" अं.राव माझ्याकडं बघत राहिले. "म्या खोटं बोलतो व्हय?" म्हटलं, तसं नाही. पण तसंच होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अं.रावांचा फोटो आला. बोट शेडमध्ये, ट्रेलरवरच, आणि आत काठोकाठ पाणी. बोअरचा पाइप लावून भरलेली. खाली लिहिलंय, "साहेब कालपासून भरून ठेवली. थेंब नाय गळत. बघा."

खरं सांगतो, आवडलं मला. कंपनीत टाकी असो की रेडिएटर, आम्ही हेच करायचो. भरायचं आणि थांबायचं. माणूस अगदीच वाया गेलेला नाही. कळवलं, "छान. अजून चोवीस तास तसंच राहू द्या."

फोटोत ट्रेलरचे टायर बसलेले दिसतात. हवा भरून घ्या म्हणून सांगायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरा फोटो. पाणी तसंच. गळती: नाही. वहीत टिक केली.

दादाला फोटो दाखवला. खुर्चीवर बोट ठेवून म्हणाला, "फिरते?" फिरते म्हटलं. बराच वेळ फोन धरून बसला होता. मग गळांचा डबा मागितला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाण्यात घालून बघितल्याशिवाय सौदा नाही, असं अं.रावांना कळवलं. हो म्हणायला वेळ लावला. दोनदा "बघू" म्हणाले. आणि आज म्हणतात, वासरांना शेड पाहिजे म्हणून विकतोय. कारण नं. ३!! कुठंतरी पाणी मुरतंय.

मच्छी सोसायटीच्या चेअरमनला भेटून तलावावर उतरायची परवानगी घेतली. रविवार ठरला. लाइफ जॅकेट चार.

२३ नोव्हेंबर, रविवार

पँट अजून ओली आहे, तसाच लिहायला बसलो.

ट्रॅक्टरनं ट्रेलर पाण्यात मागं घातला, बोट आपोआप तरंगली. सुंदर दिसली, हे कबूल करतो. शकीलभाई इंजिनावर. दादाला आम्ही तिघांनी उचलून खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. त्याला पहिल्या फेरीत घ्यायचं नाही असं माझं ठरलेलं होतं, पण तो ऐकेना. अं.राव काठावरच थांबत होते. मी म्हटलं, "मालक आत नको? का बरं?" मुद्दाम म्हटलं. बघत होतो काय करतात ते. चढले. मधल्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी कड धरली. मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे.

काठच्या झाडांच्या पुढं गेलो. इंजिन बंद. दादानं डाव्या हातानं गळ टाकला. डाव्या! आठवडाभर गॅलरीत लपून सराव केला असणार. गळ हवा तिथं पडला. मान न वळवता म्हणाला, "चालतंय."

तेवढ्यात माझ्या मोज्याला गार लागलं. खाली बघतो तर पाणी, दोन बोटं. तळाचं बूच तपासलं, घट्ट. पाणी फळ्यांच्या खालून येत होतं. शकीलभाईनं इंजिन सुरू केलं. आणि दादा म्हणतो, "थांब... लागलाय." पाणी घोट्याला आलं आणि हा म्हणतो लागलाय! दोर ताणलेला. मी ओरडलो. मी दादावर कधी ओरडलेलो नाही. त्यानं दोर सोडून दिला.

काठावर आलो तेव्हा पाणी नडगीच्या वर. दादाला उतरवलं आणि मग मी अं.रावांवर तुटून पडलो. सोसायटीची माणसं, ट्रॅक्टरवाला, सगळे बघत होते. फसवे म्हणालो. रंग झाकायला लावला म्हणालो. तीन कारणं बोटं मोजून सांगितली. आजारी माणसाचा जीव घेतला असता म्हणालो.

अं.राव गुडघ्यापर्यंत भिजलेले. हळूच म्हणाले, "फसवायचं असतं तर म्या आत बसलो असतो का? मला पवता येत नाय."
त्यांनी पायजमा पिळला. मग तेच म्हणाले, "घेतल्यापासून आज पैल्यांदा पान्यात गेली ती. म्या बी आजच. आनली तवा लई हौस व्हती, पन पानी बघितलं की हातपाय गळत्यात. गाव हसतंय म्हनून झाकून ठिवली."
म्हणजे चार तास खरे होते, पिंपात चालवले तेवढेच.

परत येताना दादाला म्हटलं, चुकलो, तुला न्यायला नको होतं. तो म्हणाला, "बोट चांगली आहे." मी: "बुडत होती, दादा." दादा: "थोडीशी."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शकीलभाई इंजिन सुकवायला बिडकीनला गेला होता. तिथून फोन. "मिलिंदभाई, नीचे दो क्रॅक है. बराबर जहाँ ट्रेलर की आडी पट्टी लगती वहाँ. किनारे सफेद है, ताजा है. इसमें पाणी किसने भरा था?"

फोटोचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे बावा! नाव को पाणी बाहर से झेलने बनाए. अंदर से दो टन भरे तो टूटेंगी नहीं क्या? वो पट्टी ने ही क्रॅक दबा के रखा था, इसलिए टपका नहीं. हौद समझे थे क्या?"
हौदच समझलो होतो. दोघंही. त्यांनी आयुष्यभर हौद भरले, मी टाक्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही की बोट टाकीच्या उलटी असते. बसलेले टायर मला दिसत होते. मी त्याचा अर्थ हवा कमी असा लावला.

एक रात्र भरून ठेवली ती त्यांनी. तीही माझ्या बोलण्यानं. वरचे चोवीस तास मात्र माझ्याच हुकमानं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अं.रावांचा फोन. मला वाटलं भांडतील. उलट माफी मागत होते. "इकनाऱ्यानं मलाच गंडवलं आसंल साहेब. तुमच्या भावाला काय झालं असतं तर तोंड दाखवायला जागा नसती. मला ती डोळ्यासमोर नको. तुमी म्हनाल त्या भावात न्या." त्यांना कळलेलंच नाही. शकीलभाई त्यांच्याशी काही बोलला नाही, मला आधी फोन केला.

"सांगतो" एवढंच म्हणून ठेवला.

गप्प बसलो तर बोट मातीमोल भावात मिळते. दोन भेगा फायबर लावून बुजवणं शकीलभाईच्या ओळखीच्या माणसाला दोन दिवसांचं काम. दादा खुर्चीत. कुणाला कळणार? सत्तावीस वर्षं मी असली माणसं पकडली.

'अजून चोवीस तास'वाला तो मेसेज उघडून बघितला. पुसता येतो का ते बघितलं. उशीर झालाय, फक्त माझ्याकडचा पुसला जातो, त्यांच्याकडचा नाही. मी ते करून बघितलं हे इथं लिहून ठेवतो. लाज वाटते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला सगळं सांगितलं. गळाला दोर बांधत होता, दात आणि डावा हात लावून.
"सांग त्याला."
मी म्हटलं, सांगितलं तर पूर्ण भाव मागेल. कदाचित नुकसानभरपाईही.
"तरी."
सुनंदाही तेच म्हणाली. पण तिनं वर हेही विचारलं, "आणि समजा त्यांनी दिलीच नाही तर?" म्हटलं, असं कसं होईल, गरज त्यांना आहे. ती म्हणाली, "गरज कुणाला आहे ते दिसतंय."

२९ नोव्हेंबर, शनिवार

बिडकीनला गेलो. एकटाच. ओसरीवर बसून पहिल्यापासून सांगितलं. मेसेज दाखवला, भेगा दाखवल्या, पट्टी दाखवली. चूक दोघांची, पण जास्त माझी, म्हटलं. चारचौघांत बोललो त्याची माफी मागितली. दुरुस्ती मी करून घेतो आणि भाव जाहिरातीतला तोच देतो, असंही म्हटलं. इतकं हलकं वाटलं की कमलबाईंनी आणलेला चहा पाणी पितात तसा प्यालो.

अं.रावांनी माझा फोन हातात घेतला. चष्मा लावून मेसेज परत वाचला.
"म्हंजी बोट चांगली हाय."
"चांगली आहे."
"इंजन बी."
"इंजिन तर उत्तमच."
"मंग तुमी सांगाया का आले? गप ऱ्हायले असते तर फुकटात गेली असती."
म्हटलं, मनाला पटलं नाही.
ते बायकोकडं बघायला लागले, बायको त्यांच्याकडं. मग म्हणाले, "राग मानू नका साहेब. तुमी पैल्या दिवशी आले तवापासून शंका काढताय. हे खोटं, ते खोटं. आता फुटल्यावर पूर्ण भाव देताय, वर दुरुस्ती. काय हाय तिच्यात, ते एकदा सांगा."
"काही नाही. माझ्या भावाला खुर्ची पाहिजे."
"खुर्ची बाजारात भेटती."

दादाचा पाय, चिखल, डावा हात, सगळं सांगितलं. माझंच मला ऐकू येत होतं. कंपनीत रिजेक्ट झालेला माल सोडवून घ्यायला आलेले लोक घरच्या आजारपणाच्या गोष्टी सांगायचे, मी मान हलवायचो आणि पेटी उघडायला लावायचो. अं.राव अगदी तशीच मान हलवत होते. खोटं वाटत होतं असं नाही. खरंही वाटत नव्हतं.

"चार-आठ दिस द्या. पोराला इचारतो. दुसऱ्या कुनाला दाखवून बी बघतो." माझ्यादेखत शेडला कुलूप घातलं. इतके दिवस शेड उघडीच असायची. त्यांच्या जागी मी असतो तर कुलूप आधीच घातलं असतं, त्यामुळं रागही नीट येईना.

घरी आलो तर दादा गेटपाशी खुर्ची टाकून बसलेला.
"सांगितलंस?"
"सांगितलं."
"चिडला?"
"नाही. विचार करतो म्हणाला."
दादानं मान हलवली. त्याला ते बरोबर वाटलं. माणसानं विचार करावाच, असं त्याला वाटतं. मग म्हणाला, "उद्या नको. पुढच्या... रविवारी जाऊ."
हो म्हणालो. कशाच्या जोरावर, ते त्यानं विचारलं नाही.