सात सीटर विकायची नाही

हिंजवडी, पुणे
शनिवार

तीर्थस्वरूप नागोराव मामांना भाचा बजरंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एक हात ग्रीसनं भरला आहे, म्हणून तो कोपरापासून जोडला आहे). तुमची पाठ कशी आहे? मैना मामींचा खोकला थांबला का? इकडं मी खुशाल आहे, आणि परवा फोनवर तुम्ही जे बोललात त्यानंतरसुद्धा खुशाल आहे. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही फोन कट करता, म्हणून पत्र लिहितोय. पत्र कट होत नाही. फाडता येतं, पण तुम्ही ते आधी वाचणार हे मला ठाऊक आहे, कारण खताच्या गोणीवर छापलेलंसुद्धा तुम्ही शेवटपर्यंत वाचता.

तर, साईनाथनं तुम्हाला कळवलं की बजरंगनं गाडीचं वाटोळं केलं. त्यावर तुम्ही ठरवलं की गाडी ज्ञानदेव दूधवाल्याला विकून टाकायची आणि उद्या साईनाथनं येऊन माझ्याकडून चावी घ्यायची. साईनाथ तुमचा मुलगा, सदाशिव पेठेत खोली घेऊन तहसीलदार व्हायचा अभ्यास करतोय. त्यानं जरूर व्हावं, आम्हाला आनंदच आहे. पण माझ्या सायलेन्सरचा पंचनामा करायला त्याची अजून नेमणूक झालेली नाही. मामा, मी चावी देणार नाही. मी आठवीत शाळा सोडली हे खरं, पण 'नाही' हा शब्द पहिलीतच शिकवतात.

आता गाडीचं नीट ऐका. कंपनीच्या लोकांना घरून उचलायचं आणि ऑफिसात सोडायचं, हे काम तुमच्याच गाडीमुळं मला मिळालं, ते मी विसरलेलो नाही. पण माझ्यासकट सात माणसं बसली की चांदणी चौकाच्या चढावर गाडी अशी कण्हायची, की मागच्या सीटवरच्या चैताली मॅडम (कॉम्प्युटरात मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण गाडीत बसल्या की झोपतात) जाग्या होऊन विचारायच्या, उतरून ढकलायचं का म्हणून. एकदा गॅसच्या टाक्या भरलेला टेम्पो आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना त्याच्या ड्रायव्हरनं माझ्याकडं दवाखान्यात भेटायला आल्यासारखं बघितलं. टर्बोची गाडी आहे हो मामा. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा, जास्तीची हवा इंजिनात कोंबणारा. गाडी घेतली तेव्हा तुम्ही 'टर्बो आहे, टर्बो आहे' करत अख्ख्या गावाला पेढे वाटले होते. मग टेम्पोनं मागं टाकलं, तो अपमान काय माझ्या एकट्याचा?

म्हणून मी नारायण पेठेत अनिरुद्ध सरांकडं गेलो. सर लॅपटॉप जोडून गाडीच्या डोक्यातला प्रोग्रॅम बदलून देतात. बोलतात हळू, आणि तेही नाइलाज झाला तर. मला त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी वेगात जायला हवी, की ती वेगात जाते हे लोकांना कळायला हवं? दोन्ही कामं वेगळी आहेत." मी म्हटलं, दोन्ही करा. त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉप उघडला.

प्रोग्रॅम बदलला. मोकळा सायलेन्सर बसवला. छतावरचं कॅरिअर काढलं (ते वारा अडवतं, आणि हिंजवडीत सोयाबीनची पोती कुणी न्यायला सांगत नाही). मग मी हट्ट करून स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, आणि इथं माझा अंदाज थोडा चुकला. पुण्यात रस्त्यापेक्षा स्पीडब्रेकर जास्त, प्रत्येक ठिकाणी पोट घासायचं. मग मागच्या सहाही जणांनी खाली उतरायचं, गाडी वजन हलकं करून पलीकडं जायची, पुन्हा सगळे बसायचे. चौथ्या दिवशी चैताली मॅडम म्हणाल्या, "बजरंग, आम्ही चालत पुढं होतो, तू गाडी घेऊन ये मागून." त्या खरोखरच आधी पोचल्या. हिंजवडीच्या गर्दीत वेगाचा उपयोग काय, असं साईनाथनं तुम्हाला लिहिलं असेल. त्याला म्हणावं, पूर्वी मी गर्दीत अडकायचो तेव्हा हताश असायचो, आता अडकतो तेव्हा जोरात असतो.

पण खरी गंमत पुढं आहे, आणि ती मैना मामींना वाचून दाखवू नका. एवढं सगळं करूनही गाडी चढाला दमायचीच. पुन्हा सरांकडं नेली. सरांनी बॉनेट उघडलं. आपल्या गाडीच्या बॉनेटवर ते नाकासारखं भोक आहे ना, त्यातून वारा आत जातो आणि टर्बोनं तापवलेली हवा थंड होते. हवा थंड तर ताकद जास्त, असं ते गणित आहे. त्या भोकात लाल फडक्यात बांधलेला नारळ, बिब्बा आणि हळदकुंकवाची पुडी गच्च बसली होती. सरांनी ती बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हा कंपनीतून बसवून आलाय, की घरून?"

मामा, दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा मामींना वाटलं की ते भोक म्हणजे कंपनीनं देवासाठी ठेवलेला कोनाडा. बाईमाणूस, इंजिनाचं त्यांना काय माहीत. पण नारळ आत जाईना, तेव्हा बॅटरीचा उजेड धरून, काठीनं ठोसून तो आत कुणी बसवला, हे तुम्ही आठवा. मी तिथंच उभा होतो. तेव्हापासून तुमची गाडी नाकात बोळा घालून धावत होती. मी सरांना विचारलं, नुसता नारळ काढला असता तर? म्हणाले, "तर बाकीचं काही करावं लागलं नसतं." मग आधी का नाही बघितलं? म्हणाले, "तुम्ही ताकद वाढवायला सांगितलं होतं. नारळ शोधायला नाही." (नारळ माझ्या खोलीत देवापुढं ठेवला आहे. उगाच शंका नको.)

म्हणजे वाटोळं कुणी केलं आणि दुरुस्त कुणी केलं, ते तुम्हीच ठरवा. आता नाक मोकळं झालंय आणि प्रोग्रॅमही नवा आहे. चांदणी चौकात त्याच टेम्पोला मी परवा मागं टाकलं. आणि ही गाडी तुम्ही दुधाचे कॅन वाहायला देणार? ज्ञानदेवनं जरा पाय दाबला तर डेअरीवर दुधाऐवजी ताक पोचेल. गाडी गेली की मला परत यावं लागेल, तुमच्या ओसरीवर बसावं लागेल आणि वीज आली की विहिरीची मोटार चालू करायला पळावं लागेल. एवढ्या मोठ्या शहरात माझं नाव घेऊन कुणी वाट बघत असेल तर ते या गाडीमुळं. तेव्हा पुन्हा सांगतो, चावी मिळणार नाही. साईनाथला पाठवा, नाहीतर पोलीस पाठवा.

मामींना नमस्कार.

आपला (सध्या नावडता) भाचा,
बजरंग

ता. क. आज रविवार. साईनाथ आला, चावी दे म्हणाला. मी म्हटलं, आधी बस तर खरं. त्याला चांदणी चौकाचा चढ दाखवला. वर पोचेपर्यंत तो दाराचं हँडल धरून बसला होता. वर गेल्यावर म्हणाला, "परत खाली घे." असं बऱ्याचदा झालं. त्याचा आजचा अभ्यास बुडाला, तो माझ्या नावावर लिहू नका.

दुसरा ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. साईनाथनं ते तुमच्या हातात दिलंय आणि मी बाहेर गोठ्याजवळ गाडीत बसलोय. नव्या स्प्रिंगा घालून गाडी परत उंच करून घेतली, आपल्या गावचा रस्ता ओळखून आहे मी. चावी देणार नाही म्हटलं त्यावर मी ठाम आहे. चावी गाडीलाच आहे आणि इंजिन चालू आहे. लांबून आल्यावर टर्बो तापलेला असतो, लगेच बंद करता येत नाही, थोडा वेळ तसंच चालू ठेवावं लागतं. तेवढ्यात बाहेर या. तुमच्या पोटाच्या हिशेबानं सीट मागं सरकवून ठेवली आहे. ज्ञानदेवच्या दारापर्यंत एकदा स्वतः चालवा, माझं एवढंच मागणं आहे. मी शेजारी गप्प बसेन. त्याच्या दारात ब्रेक दाबायचा की पुढं जायचं, ते तुमचं तुम्ही बघा.