फळ्याच्या मागची बाजू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, व्यवसायाने पाट्या रंगवणारा, घरात दादा आणि मैदानावर पेंटर म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र आज शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एकेचाळीस वर्षे एकाच फुटबॉल क्लबच्या मागे उभे राहून त्यातली बहुतेक वर्षे त्याला हरताना पाहणाऱ्या माणसाच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका असेल, तर त्याने डॉक्टरांचा दाखला पाहावा, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी समोर बसून वाटाणे सोलत आहे, पण ते दडपण रोजचेच आहे.

कलम एक. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी बारा वर्षांपूर्वी केले होते आणि त्यात काचेचे कपाट क्लबला करंडक ठेवण्यासाठी दिले होते. त्या वेळी आम्ही विभागीय साखळीच्या दुसऱ्या गटात होतो आणि माणसाला आशा असते. पुढच्याच हंगामात आम्ही तिसऱ्या गटात घसरलो, आणि बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसे चार वर्षांत चौथ्यात. चौथ्याच्या खाली गटच नाही. घसरायला जागाच उरली नसल्याने तेव्हापासून आमच्या मैदानावर मोठे समाधान नांदते आहे. खेळाडू हसत खेळतात, साठ-सत्तर माणसे हसत बघतात, आणि एखादा सामना जिंकलो तर आठवडाभर पुरतो. कपाटात सध्या पत्नीची लोकर आहे. ती तिथेच राहू द्यावी.

कलम दोन. घराचा तळमजला माझ्या नावावर आहे, तो पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलीला. वरचा मजला माझ्या धाकट्या भावाचा आहे, तो पहिल्यापासून त्याचाच आहे, त्यात मी देण्यासारखे काही नाही. जिना सामाईक. जिन्याची चौथी पायरी करकरते ती दुरुस्त करू नये, धाकटा घरी आला हे आम्हाला तिच्यावरूनच कळते.

कलम तीन. बँकेत जे काही आहे ते पत्नीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कलम चार. माझे ब्रश, रंगांचे डबे, ओळ आखायची दोरी आणि अक्षरांचे कागदी साचे मुलीला. ती आता यंत्रावर अक्षरे कापून पाट्या करते आणि माझ्यापेक्षा चांगला धंदा करते, याचा मला अभिमान आहे. पण ब्रश शोभेसाठी भिंतीवर टांगू नयेत. महिन्यातून एकदा तरी एखादे अक्षर हाताने काढावे, हात विसरतो.

कलम पाच. माझी स्कूटर जावईबापूंना, पण एका अटीवर. जावईबापू दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर परदेशातला कुठलासा मोठा क्लब बघतात आणि मला विचारतात, "बाबा, तुमच्या त्या चिखलात काय बघायचं असतं?" उंटावरून शेळ्या हाकणे सोपे असते. त्यांनी आमच्या मैदानावरचे एका हंगामातले सगळे सामने, पावसातलेसुद्धा, उभे राहून पाहावेत. त्यानंतर किल्ली मिळेल. तोवर स्कूटर मुलीने वापरावी.

कलम सहा. ज्या पंचाने सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या मधल्या फळीतल्या न्हाव्याचा गोल बाद ठरवला, त्याला मी माफ केलेले नाही. तो आता हयात नाही, तेव्हा वर भेट होईलच. याची नोंद असावी एवढेच.

कलम सात. या कलमासाठीच मी कागद घेऊन बसलो आहे. आमच्या मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला सामन्याचा गुणफलक आहे. आम्ही त्याला फळा म्हणतो. तो मी बांधला, मी रंगवला, आणि एकतीस वर्षे त्याच्या मागे शिडीवर उभा राहून त्याचे आकडे मीच टांगतो. आमच्या बाजूसाठी शून्य ते पाच आकडे आहेत, पाहुण्यांसाठी नऊपर्यंत. यात अपमान नाही, अनुभव आहे. हे सगळे आकडे, शिडी आणि मागच्या कुलपाची किल्ली मी धाकट्याला देतो. का, ते लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या गटातून कोण घसरणार हे आमच्यात आणि पुलापलीकडच्या क्लबात ठरायचे होते. ते हरले तर आम्हाला बरोबरी पुरणार होती. ते जिंकले तर आम्हालाही जिंकावेच लागणार होते. दोन्ही सामने एकाच वेळी, दोन वेगळ्या मैदानांवर होते. म्हणून मी त्या आठवड्यात फळ्यावर खाली आणखी एक ओळ केली. डावीकडे पाटी 'पुलापलीकडचे', उजवीकडे 'त्यांचे पाहुणे'. धाकटा त्या दिवशी बसच्या कामावर सुट्टी टाकून पुलापलीकडच्या मैदानावर गेला. त्याने फोन करायचा आणि मी आकडे टांगायचे असे ठरले होते.

सामना संपायला वीस मिनिटे होती. आमचा एक-एक. फोन वाजला. धाकटा म्हणाला, "दादा, पुलापलीकडचे दोन, पाहुणे एक." शब्द न शब्द मला आजही ऐकू येतो. मी डावीकडे दोन टांगला, उजवीकडे एक टांगला.

पण मी फळ्याच्या मागे होतो. मागून माझी डावी बाजू ती लोकांची उजवी. वरच्या ओळीची मला वीस वर्षांची सवय होती, तिथे हात आपोआप बरोबर जात असे. खालची ओळ नवी होती, आणि त्या पाट्या मी याच टेबलावर, समोरून रंगवल्या होत्या. डोळ्यांपुढे तेच चित्र होते. मैदानाला दिसले ते असे, की पुलापलीकडचे हरत आहेत.

आमच्या प्रशिक्षकाने फळा पाहिला आणि सगळ्यांना मागे बोलावले. पुढची वीस मिनिटे आमचे अकराही जण चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडे देत राहिले. शिट्टी झाली, एक-एक. माणसे कुंपण ओलांडून आत आली, कप्तानाला खांद्यावर घेतले, गोलरक्षकाने आपले हातमोजे गर्दीत फेकले. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. "दादा, ते जिंकले. आपलं काय झालं?"

मी शिडीवरून उतरलो, फळ्याच्या पुढच्या बाजूला गेलो आणि पाहिले. मग परत मागे जाऊन खालचे दोन्ही आकडे काढून पिशवीत टाकले. अध्यक्ष धावत आले, विचारले, "पेंटर, हे आकडे तुला कुणी दिले?" मी म्हणालो, "धाकट्यानं असंच सांगितलं."

एवढेच तीन शब्द. त्याच संध्याकाळपासून गावभर धाकट्याचे नाव 'दोन-एक' पडले. बसमध्ये चढणारी माणसे त्याला म्हणू लागली, "काय दोन-एक, ही गाडी नक्की कुठं जाते?" त्या रात्री जिन्यात त्याने मला एकदाच विचारले, "दादा, मी बरोबर सांगितलं होतं ना रे?" मी म्हणालो, गोंगाट होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग वर गेला. त्यानंतर आम्ही पाण्याच्या मोटारीबद्दल बोललो, विजेच्या बिलाबद्दल बोललो, त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो. फुटबॉलबद्दल नाही. तो पुन्हा मैदानावर आला नाही. वरच्या गॅलरीतून मैदानाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग दिसतो, फळा दिसत नाही. अकरा वर्षे तो गॅलरीत उभा राहून अर्धाच सामना बघतो आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मी आहे. मला याची लाज वाटते.

तरी माझ्या मृत्यूनंतर होणाऱ्या पहिल्या घरच्या सामन्यात, मध्यंतरात, हे कलम भोंग्यावरून मोठ्याने वाचून दाखवावे, ही माझी

इथे लिखाण थांबले, कारण पत्नीने कागद ओढून घेतला. तिने वाटाण्यांचे ताट बाजूला सारले आणि कलम सात दोनदा वाचले. मला वाटले होते तिला ठाऊक नाही. ती म्हणाली, "पिशवीत लपवून घरी आणलेले ते दोन आकडे मी त्याच आठवड्यात पाहिले होते. चूक भावजींची असती तर तुम्ही ते लपवले असते का? वाट बघत होते, कधी बोलताय याची." मी म्हणालो, आता लिहिले आहे ना. त्यावर तिचे उत्तर जसेच्या तसे देतो: "अहो, मेल्यावर माफी मागणं म्हणजे जेवण उरकल्यावर मीठ वाढणं. ते मीठ चाटत बसायचं का त्यानं?" आणि तिने जिन्याखाली उभे राहून हाक मारली, "भावजी, जरा खाली या."

चौथी पायरी करकरली. धाकटा आला, चष्मा लावला, उभ्यानेच वाचले. मी वाटाणे मोजत होतो. वाचून झाल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्या रात्री जिन्यातच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला फळ्यावरून काढलं असतं. मला बस होती. तुला फळ्याशिवाय काय होतं रे दादा?"

पत्नी म्हणाली, "आणि मी कोण?" यावर आम्ही तिघेही हसलो. मग मी रडलो, हेही लिहितो, कारण खोटे एकदा लिहिले-बोलले की किती वर्षे पुरते ते मी पाहिले आहे.

धाकट्याने विचारले, साक्षीदार कोण आहेत. मी सांगितले, एक मैदानावर भोंगा सांभाळणारे भोंगेवाले मास्तर, दुसरा अजून ठरायचा आहे. "मी करतो सही," तो म्हणाला. मी त्याला वकीलबाईंनी बजावलेले सांगितले, की मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याची देणगी बाद होते. तो म्हणाला, "होऊ दे बाद. तू गेल्यावर ती शिडी घेऊन मी काय करू? द्यायचंय तर आज दे. आज शेवटचा सामना आहे."

म्हणून कलम सातमधली देणगी रद्द. आकडे, शिडी आणि किल्ली मी दुपारी दोन वाजता हातोहात दिली. बाकीचे कलम मात्र तसेच ठेवावे. पुढचे संध्याकाळी लिहीत आहे, कारण मास्तर मैदानावर असल्याने सह्या सामन्यानंतरच होणार होत्या.

सामना मी पुढच्या बाकावर बसून पाहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सामना चालू असताना फळा समोरून पाहिला. रंग बराच उडाला आहे, कोणी सांगितले नाही. मध्यंतरात मास्तरांनी भोंगा माझ्या हातात दिला आणि मी कलम सात वाचले. वाचून झाले. मग मागून आमचा जुना गोलरक्षक ओरडला, "पेंटर, माझे हातमोजे अजून कुणी परत दिले नाहीत!" आणि साठ-सत्तर माणसे हसली. काही जण उठून फळ्याच्या मागे गेले, धाकट्याशी हात मिळवायला. मी बाकावरच बसलो, ती वेळ त्याची होती. अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि बाजूला बसले. ते अजून रागावलेले आहेत. तो त्यांचा हक्क आहे.

उत्तरार्धाच्या नवव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. आम्ही सगळ्यांनी फळ्याकडे पाहिले. फळ्याच्या मागून एक हात आला आणि आकडा टांगला गेला. आपण एक, पाहुणे शून्य.

मैदानात एवढा गलका झाला की पंचांनी खेळ थांबवला. मी बाकावर उभा राहून ओरडलो, "उलटं! अरे, दुसऱ्या हाताला!" फळ्याच्या कडेने धाकट्याने डोके बाहेर काढले, पुढून पाहिले, आणि कपाळावर हात मारला. त्याने ते चुकून केले की मुद्दाम, हे मी त्याला विचारलेले नाही आणि माझ्या वारसांनीही विचारू नये. त्याने आकडे बदलले. पण त्या मधल्या अर्ध्या मिनिटात आम्ही जिंकत होतो, आणि चौथ्या गटात कोणी एवढे हसलेले मी पाहिलेले नाही.

आम्ही शून्य-एकने हरलो. पुढच्या हंगामाचा पास मी आम्हा दोघा भावांसाठी काढला आहे. हे मृत्युपत्र मी संपूर्ण वाचले, पत्नीनेही वाचले, आणि त्यात आता लपवलेले काही नाही.

सही: पेंटर

साक्षीदार पहिला: भोंगेवाले मास्तर, निवृत्त शिक्षक. पेंटरने माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

साक्षीदार दुसरा: धाकटा, बसचालक. दादाने माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी पुलापलीकडचे दोन आणि पाहुणे एक होते. मी तसेच सांगितले होते, आणि त्याने तसेच ऐकले होते.

ठिकाण: राहते घर, तळमजला, स्वयंपाकघर.
दिनांक: हंगामातल्या शेवटच्या सामन्याचा शनिवार, संध्याकाळी सात.