निशिगंधा पिरोटला राहिली त्याबद्दल

न्यूनेन (हॉलंड), ता. १४ जून

आदरणीय लहूदादा यांस,

सप्रेम जयभीम. (यातलं 'सप्रेम' या खेपेला निव्वळ रिवाज म्हणून लिहिलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) तुमचा उजवा गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींची शुगर काय म्हणते? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि समोरच्या बिल्डिंगमधल्यांच्या ताटात काय वाढलंय तेही आता त्या घरबसल्या सांगतात, असं ऐकलं. बरं वाटलं. आमच्याकडची खुशाली म्हणाल तर स्वानंदी मजेत आहे, मी मजेत नाही, आणि तुमची धाकटी बहीण आमच्याकडे नाही. ती गेले पाच आठवडे सर्बिया देशात, पिरोट नावाच्या गावात, एका परक्या बाईच्या घरी सतरंज्या विणते आहे. तुम्हाला तिने "थोडं ट्रेनिंग आहे" असं सांगितलंय, ते मला कळलं. ट्रेनिंगला जाणारा माणूस घरातून ठरवून निघतो. ही चार दिवसांच्या सहलीला निघाली होती, आणि परतीचं विमान हिने डोळ्यांदेखत सोडलं.

फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे निशिगंधाही आहे, आणि बाकीच्या सव्वीस जणांनी रडके चेहरे टाकून पुन्हा आपापल्या नाश्त्याचे फोटो टाकले असते. पत्र मात्र तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता, म्हणून हा खटाटोप. माझी मागणी सरळ आहे. तुम्ही थोरले भाऊ आहात. तिला खडसावून परत बोलवा. मी सांगून थकलो. मुळात ही आग लावलीत कोणी, तर तुम्ही. फेब्रुवारीत त्या गावचा व्हिडिओ कोणी पाठवला होता? "निशी, बघ, दोन्ही बाजू सारख्या!" असं खाली कोणी लिहिलं होतं? इचलकरंजीत बसून तुम्ही बोट हलवलंत आणि इथे माझा संसार उसवला.

मला मे महिन्याच्या सुट्टीत समुद्रावर जायचं होतं. वर्षभर मी आइंडहोव्हनच्या ऑफिसात इतरांच्या चुका शोधत बसतो (सॉफ्टवेअर टेस्टर म्हणतात त्याला), तेव्हा चार दिवस वाळूत उताणं पडावं, कोणी काही विचारू नये, एवढीच अपेक्षा. पण व्हिडिओ आल्यापासून जेवताना पिरोट, भांडी घासताना पिरोट. तिथे म्हणे शेकडो वर्षांपासून लोकरीची बिनगाठीची सतरंजी विणतात. (तिला किलीम म्हणतात. सतरंजी म्हटलं की निशिगंधा चिडते, म्हणून मी सतरंजीच म्हणणार.) तिथलं पिवळं चीज प्रसिद्ध, तिथे सॉसेज बाटलीने दाबून दाबून चपटं करतात आणि त्याला चक्क 'इस्त्री केलेलं' म्हणतात. ज्या घरात माझ्या शर्टांना इस्त्री करायला बारा वर्षांत कोणाला सवड झाली नाही, त्या घरातून इस्त्रीचं सॉसेज बघायला बेलग्रेडपर्यंत विमान आणि पुढे चार तास गाडी! किल्ला पाहिला, नदी पाहिली, नदीवर स्वानंदीने स्वतःचे साठ फोटो काढले. तिथवर मी काही बोललो नाही. माझ्या सहनशीलतेची कोणी नोंद घेत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लाव्हिका नावाच्या विणकर बाईंकडे गेलो. साठीच्या पुढच्या, अंगाने भक्कम, आईंसारखाच आवाज. आम्ही दोन तास थांबणार होतो. त्यांचे यजमान मिलान यांनी मला टेबलाशी बसवलं आणि चीज, ते चपटं सॉसेज, पाव, मिरच्यांची चटणी असं सगळं वाढलं. सोबत बोटभर ग्लासात त्यांची घरची दारू, प्लमची. आता यापुढचा सगळा दोष तुमच्या घराकडे जातो, तेव्हा नीट वाचा. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला आई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, आठवतं? "पानात टाकलेलं मला चालत नाही, जावईबापू." तेव्हापासून मी ताटात शीत ठेवत नाही. त्यात बारा वर्षं हॉलंडमध्ये काढली. इथे एका बिस्किटाला तोंडदेखलं नको म्हटलंत तर डबा बंद होतो आणि तुम्ही घरी जाईपर्यंत उघडत नाही, त्यामुळे समोर येईल ते ताबडतोब घ्यायचं आणि संपवायचं, हे अंगात मुरलेलं. मी बशी स्वच्छ केली. मिलाननी भरली. मी पुन्हा स्वच्छ केली. ग्लास रिकामा केला, तो भरला. मला वाटलं, काय हा आग्रह! त्यांना वाटलं, काय ही भूक! त्या घरी रिकामी बशी म्हणजे अजून हवंय, आणि पुरे झालं की थोडं शिल्लक ठेवायचं, हे मला कोण सांगणार? अकरावा ग्लास (मोजणारी स्वानंदी, मी आठ म्हणतो) संपवताना माझ्या मनात मिलानबद्दल राग होता, तरी ग्लास मात्र मी शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग मला त्यांच्या दिवाणावर आडवं केलं गेलं.

मी पाच तास झोपलो. त्या पाच तासांत काय झालं, ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं. निशिगंधा मागापाशी उभी राहिली. त्यांचा माग उभा असतो, बाई खाली बसून विणते. तिने विणलेल्या भागाची मागची बाजू चाचपली आणि काहीतरी विचारलं, मराठीत. स्लाव्हिकाबाईंनी उत्तर दिलं, सर्बियनमध्ये. स्वानंदीने भाषांतराला मोबाइल पुढे केला, तर दोघींनी तिला हाताने बाजूला केलं. मग बाई सरकल्या आणि निशिगंधा बसली. मी उठलो तेव्हा डोकं ठणकत होतं आणि समोर तुमची बहीण पाय दुमडून, केस वर बांधून, लाकडी पंजाने धागे ठोकत होती. चार बोटं विणलं होतं. मी म्हटलं, निघू या. तिने मान वळवली नाही. बाईंनी पाठ थोपटली (तिची), डोक्यावर ओला टॉवेल ठेवला (माझ्या), आणि चूक दाखवून एवढं सगळं उसवायला लावलं. निशिगंधा हसत उसवत होती. दादा, मी कोडमधली एक ओळ चुकल्याचं दाखवलं तर लोक तीन दिवस बोलत नाहीत.

बेलग्रेडला जायच्या दिवशी सकाळी तिने सांगितलं, तुम्ही दोघं जा, मी थांबते. आपल्या हॉलंडच्या रहिवासी परवान्यावर तिथे नव्वद दिवस राहता येतं, ते तिने आधीच बघून ठेवलं होतं. मी भर रस्त्यात आवाज चढवला. मिलानही आले, आणि त्यांच्या हातात पुन्हा बाटली! कपडे चार दिवसांचे आहेत म्हटलं, तर स्वानंदीने स्वतःचं जाकीट काढून आईला दिलं. घरचं काय म्हटलं, तर म्हणाली, तुम्हा दोघांना वॉशिंग मशीन लावता येतं. माझं काय म्हटलं, तर तिने जाकिटाची चेन लावली. मग म्हणाली, "सुयश, मी दर वर्षी विचारायचे, विणकाम शिकू का? तू दर वर्षी म्हणायचास, नंतर बघू. ते नंतर आलंय, एवढंच." एवढं बोलून आत गेली. मला त्याचा इतका संताप आला की वाटेतल्या निश शहरापर्यंत मी चुकीच्या गियरमध्ये गाडी चालवली.

आता घरची हालत ऐका. कपड्यांचा ढीग सोफ्याएवढा झालाय आणि सोफा दिसत नाही. सुपरमार्केटात मी रोज जातो आणि रोज तीच कोथिंबीर आणतो, आणि ती रोज वाया जाते. शेजारची डच बाई दारात भेटली, म्हणाली, तुझी बायको स्वतःसाठी काहीतरी करते आहे, किती छान! मी दार लावून घेतलं. ऑफिसात अपूर्व नावाचा एक मुलगा आहे, नागपूरचा, तो दर सोमवारी "वहिनी आल्या का?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच कॉफीला निघून जातो. स्वानंदी तेरा वर्षांची आहे आणि पूर्ण आईच्या बाजूने आहे. मी जरा कुरकुर केली की "डू नॉर्माल, बाबा" (म्हणजे माणसासारखं वागा) म्हणते आणि सायकल काढून मैत्रिणीकडे जाते. मला माणसासारखं वागायला सांगते! इतक्या वर्षांत या घरात माझ्याशिवाय कोण माणसासारखं वागलंय, ते तरी सांगा.

तेव्हा दादा, हे पत्र मिळताच फोन उचला. तुमचा तो लग्नाच्या बोलण्यांतला आवाज काढा. मुलीची शाळा, नवऱ्याचं पोट, लोक काय म्हणतील, जे सुचेल ते सांगा. ऑगस्टपर्यंत थांबणं मला मान्य नाही. आईंना दंडवत, वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा रागावलेला मेहुणा,
सुयश

ता.क. फोन रविवारी करू नका. रविवारी ती आणि स्लाव्हिकाबाई धागे रंगवतात, हात लाल असतात, तिला फोन धरता येत नाही. (मी करतो तेव्हा मिलान धरून उभे असतात. ते मला 'पुरे?' असं मराठीत विचारायला शिकलेत. त्यांची चेष्टा मी ओळखून आहे.)

ता.क. २. तुमच्या घरी लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, तिच्या टेक्सटाइल डिप्लोमाची नमुन्यांची जाड वही असेल. निळ्या पुठ्ठ्याची, आत कापडाचे तुकडे चिकटवलेले. तुमच्या बाबांच्या मागाच्या कारखान्यात उभं राहून तिने ते विणून घेतले होते, असं काल बोलता बोलता म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ही वही माहीत नव्हती. मी कधी विचारलं नाही, याची मला लाज वाटते, हे तुम्हाला लिहितो. तिला हे लिहायला मला जमलेलं नाही. बाईंना ती वही बघायची आहे. कुरिअरने न्यूनेनच्या पत्त्यावर पाठवा. शाळेला सुट्टी लागली की मी आणि स्वानंदी घेऊन जाणार आहोत. मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. समुद्र राहू दे.

ता.क. ३. वर चार पानं मनापासून लिहिली आहेत, म्हणून फाडत नाही. पण तिला फोन करू नका. ती माझं ऐकत नाही, आईंचं ऐकत नाही, तुमचं मात्र ऐकते. तुम्ही एकदा 'ये' म्हणालात तर ती दुसऱ्याच दिवशी येईल, सामान जागेवर लावेल, कपड्यांचा ढीग उपसेल, आणि कोणाला एका शब्दाने काही बोलणार नाही. मला त्याचीच भीती वाटते, दादा. वही तेवढी पाठवा.