कोनपासून राहिलेली वाट

अहो,

तुम्ही ड्युटीवरून येऊन आत्ताच झोपलात, म्हणून उठवलं नाही. भाविकाला पाजलंय. उठलीच तर पेज झाकून ठेवलीय, आईंना भरवायला सांगा. तिला आडवी नका निजवू, धाप लागते.

मी कोन गावाला चाललेय. भाविकासाठी बोललेला पायी जायचा नवस फिटला असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, पण तो फिटलेला नाही. पोर अंगावर पिते, पालखीबरोबर सलग चालता येईना, म्हणून मी टप्प्याटप्प्यानं एकवीरेला गेले. पहिल्याच दिवशी कोनला दूध दाटलं, पोलकं भिजलं, लाजेनं रिक्षा करून घरी आले. पुढच्या रविवारी सोबत चालणाऱ्या बायका कल्याणला थांबल्या होत्या, तिथूनच चालू लागले. मधली तासाभराची वाट राहिली. कार्ल्याला ओटी भरतानाही बोलले नाही.

काल आई म्हणाल्या, “देवीला पोचलीस ना गो, मंग पोरीच्या छातीतला आवाज जात का न्हाय?”

आज तेवढी वाट चालून टाकते. आईंना बाजारात गेलेय म्हणून सांगा. ऑपरेशन करायचं की नाही, ते डॉक्टर आज फोनवर कळवणार आहेत. दुर्गाडीचा पूल पार करून कल्याणला पोचले की मी बूथवरून दोनदा रिंग देऊन ठेवीन. तोवर डॉक्टरांचा फोन आला तरी उचलू नका.

रंजिता